ॲपवर ४ मिमी, ओढ्याला कंबरभर पाणी – जाणकारांनी प्रकाश टाकावा

सडाफिरस्ता (सातारा) · सोमवार, रात्री ९:४०

मंडळी, काल चार तास ओढ्याच्या काठावर बसून काढले आणि अंधारात गाडीपाशी पोचलो. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पण जे झालं ते का झालं हे अजून डोक्यात बसत नाही, म्हणून हा धागा.

आम्ही पाच जण. कासच्या पलीकडे बामणोलीच्या अंगाला एका वाडीत गाडी लावली आणि खाली उतरलो. वाडीचं नाव मुद्दाम देत नाही, नाहीतर पुढच्या रविवारी तिथं पन्नास गाड्या लागतील. सकाळी साडेआठला ओढा ओलांडला तेव्हा पाणी घोट्याएवढं. बूट हातात घेऊन, फोटोबिटो काढत गेलो. आदल्या रात्री दोन ॲपं बघितली होती. दोन्हीकडे 'सातारा' टाकलं, एकात दिवसभरात ४ मिमी, दुसऱ्यात ६. म्हटलं, पुष्य चालू आहे, म्हातारा पाऊस, भुरभुर चालायचीच.

दुपारी एकच्या सुमारास परतताना आधी आवाज आला. ट्रक चढाला लागल्यासारखा. ओढ्यापाशी आलो तर पाणी कंबरेच्या वर, जास्त उकळलेल्या चहाच्या रंगाचं. आणि मजा म्हणजे आमच्या अंगावर पाऊस नव्हता. अर्धा तास तर चक्क ऊन पडलं होतं, करवंदीच्या जाळीवर आम्ही मोजे वाळत घातले होते. वरचा सडा, म्हणजे कातळाचं पठार, तेवढा ढगात होता. पण जुलैत सडा दिसतो कधी?

आमच्यातल्या एकानं दोर काढला. कमरेला बांधून आधी मी जातो म्हणाला. तेवढ्यात म्हसरं घेऊन एक मामा आले. त्यांनी दोराकडं बघितलं, काही बोलले नाहीत. निरगुडीची एक काडी मोडली आणि पाण्याच्या कडेला बरोबर काठावर रोवली. "काडी बुडली तर चढतंय. कोरड्यात आली की मग बगू." वीस मिनिटांत काडी गेली. दुसरी रोवली, ती अर्ध्या तासानं गेली. तिसरी टिकली. पाच वाजता तिच्या पुढं चार बोटं ओला चिखल उघडा पडला होता. साडेपाचला मामांच्या मागोमाग गुडघाभर पाण्यातून आलो.

माझे प्रश्न: ॲप इतकं कसं चुकलं? आम्हाला आधी काय दिसायला हवं होतं? आणि दोर बांधून गेलो असतो तर?

---

पाटणकर · सोमवार, रात्री १०:१५

ॲप चुकलं नाही. तुम्ही पत्ता चुकीचा दिलात.

सातारा शहर घाटमाथ्याच्या पूर्वेला, पावसाच्या आडोशाला. समुद्रावरून येणारे ढग सह्याद्रीवर चढताना गार होतात आणि महाबळेश्वर ते कोयनेजवळचं नवजा या पट्ट्यात रिकामे होतात. पुढं साताऱ्याला येतो तो उरलासुरला. शहरात ४ मिमी आणि वर १०० हे जुलैत रोजचं आहे. त्यात ॲपमागचं गणित सगळ्या प्रदेशाचे चौकोन पाडून चालतं. सर्रास दिसणाऱ्या जीएफएस या अमेरिकी मॉडेलचा चौकोन २५ किलोमीटरचा, युरोपीय मॉडेलचा ९. सातारा ते कास अंतर २५ किमी धरा. म्हणजे एका चौकोनात अजिंक्यतारा आणि कासचा सडा दोन्ही बसू शकतात आणि त्यांची सरासरी तुमच्या मोबाईलवर येते. ॲपच्या दृष्टीनं डोंगर म्हणजे इस्त्री फिरवलेला डोंगर.

पाऊस पडतो कुठं आणि पाणी जातं कुठं, हे दोन प्रश्न वेगळे. तुमचा ओढा सड्यावरून येतो. सडा म्हणजे कातळ. पाणी मुरायला वीतभर माती नाही. पडलं की निघालं. तुम्ही डोक्यावरचं आभाळ बघत बसलात, ओढ्याच्या डोक्यावरचं बघितलं नाहीत.

आमच्याकडे साधी सवय आहे. पेपरात कोयना धरणाच्या बातमीत तीन आकडे असतात: कोयनानगर, नवजा, महाबळेश्वर. मी नवजाचा आकडा बघतो. तो सलग दोन दिवस तीन आकडी असला की पश्चिमेच्या ओढ्यांचं नाव काढायचं नाही, मग सातारा शहरात गॉगल लावून फिरायची वेळ असली तरी. एक लक्षात ठेवा, हा आकडा एका सकाळपासून दुसऱ्या सकाळपर्यंत असा मोजतात. म्हणजे रविवारच्या पेपरातला पाऊस शनिवार सकाळपर्यंतचाच असू शकतो.

आणि हवामान खातं इशारा देताना हल्ली 'सातारा' आणि 'सातारा घाटमाथा' असं वेगवेगळं लिहितं. तुम्हाला दुसरी ओळ वाचायची आहे.

---

माणदेशी माणूस · सोमवार, रात्री १०:३२

धागा वाचून हेवा वाटला. २०२१ च्या जुलैत महाबळेश्वरला एका दिवसात ५९४ मिमी झाला होता. आमच्या माणात एवढा अख्ख्या वर्षात झाला तर सत्यनारायण घालतील लोक. आणि हे दोन्ही तालुके एकाच जिल्ह्यात. जिल्ह्याचा अंदाज म्हणजे नक्की कुणाचा, हा प्रश्न रास्त आहे.

पण आमच्याकडं पाणी नाही म्हणून धोका नाही असं समजू नका. वळवाच्या दिवसांत माणगंगेच्या कोरड्या पात्रात लोक क्रिकेट खेळतात, गाड्या धुतात. तिकडं वर गडगडलं की तासाभरात लोंढा. इथं स्वच्छ ऊन. मामला तोच, फक्त पाऊस कमी.

---

कयाकवाली (वाई) · मंगळवार, सकाळी ७:०५

दोराबद्दल. मित्राला माझा निरोप द्या: वाहत्या पाण्यात कमरेला दोर बांधून उतरायचं नाही. कधीच नाही. काठावर धरलं असेल तरी नाही.

कारण सांगते. माणूस घसरला की प्रवाह त्याला खाली ढकलतो आणि दोर वर ओढतो. दोर ताणला की शरीर पाण्याच्या खाली दाबलं जातं. काठावरचे जितकं जोरात धरतील तितका तो बुडेल. आणि ताणलेल्या दोराची गाठ ओल्या हातानं सुटत नाही. दोर बुडणाऱ्याकडं फेकायला असतो, त्यानं पकडला तरी सोडता यायला हवा. बांधायला नसतो.

दुसरं म्हणजे पाण्याचा जोर. वेग दुप्पट झाला की धक्का चौपट होतो. सकाळचं घोट्याएवढं पाणी आणि दुपारचं कंबरेएवढं यात फरक फक्त उंचीचा नाही, वेगही वाढलेला असतो. मांडीएवढं जोरात पाणी चांगल्या तगड्या माणसाला उचलतं.

सकाळी बूट हातात घेतलेत ते आवडलं नाही. ओढ्यात बूट घालूनच जायचं. तळाचे गोटे शेवाळलेले, दोन गोट्यांत पाय अडकला आणि पाण्यानं पुढं ढकललं की माणूस तोंडावर पडतो. पाठीवरच्या पिशवीचा कमरेचा पट्टा सोडून ठेवायचा, म्हणजे पडलात तर ती टाकून देता येते. आणि ओलांडायची जागा निवडताना सगळे अरुंद जागा शोधतात. उलट करा. अरुंद म्हणजे खोल आणि जोरात. रुंद, पसरट, खळखळ आवाज करणारी जागा बरी. आणि पडलो तर वाहत कुठं जाऊ, हे आधी चालत जाऊन बघायचं. खाली धबधबा किंवा आडवं पडलेलं झाड असेल तर ती जागा बाद.

पाणी यायच्या आधी काय दिसतं विचारलंत. नितळ पाणी एकदम गढूळतं. पाणी वाढायच्याही आधी वाळकी पानं, काटक्या, कधी फेस वाहत येतो, कारण लोंढा वरच्या काठावरचा कचरा पुढं लोटत आणतो. मातीचा वास येतो. आणि तुम्ही म्हणालात तो ट्रकचा आवाज, तो तळाला गोटे गडगडल्याचा. तो ऐकू आला की चर्चा थांबवून उंचावर जायचं.

मामांची काडी मात्र लाख रुपयांची. आम्ही धोमला हेच करतो, फक्त स्टीलच्या पट्टीनं आणि जरा ऐटीत.

---

सडाफिरस्ता · मंगळवार, सकाळी ९:२०

काटक्या! अकराच्या सुमारास एका डबक्यापाशी डबा खाल्ला, तेव्हा पाण्यावर वाळकी पानं वाहत होती. मी त्याचा व्हिडिओ काढलाय. पार्श्वसंगीत टाकून स्टेटसला ठेवला होता.

---

आयर्विनचा कबुतर (सांगली) · मंगळवार, दुपारी १:४५

तुमचा ओढा पुढं कोयनेत आणि कोयना शेवटी आमच्या दारात, म्हणून लिहायचा हक्क आहे.

आमच्याकडं पाऊस न बघता नदी बघतात. सांगलीत कडक ऊन, आणि आयर्विन पुलाखाली पट्टी तासातासाला वर. ४० फुटाला इशारा, ४५ ला धोका. २०१९ ला ५७ च्या वर गेली, २०२१ ला ५५ च्या आसपास. त्या दोन्ही वेळी शहरातल्या पावसावर कुणी अंदाज बांधला असता तर घर सोडलंच नसतं. पाणी घाटमाथ्यावर पडतं, कऱ्हाडला प्रीतिसंगमावर कृष्णा-कोयना समोरासमोर भिडतात आणि मग आमच्याकडं येतात. वर सोडलेलं पाणी यायला मध्ये दिवस तरी जातो. तेवढाच काय तो आमचा फायदा.

पोहणाऱ्या पोरांना सांगतो, विसर्गाचा आकडा वाचायला शिका. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८ लिटर. कोयनेच्या पायथा वीजगृहातून २१०० क्युसेक सोडलं अशी बातमी येते, लोक म्हणतात किरकोळ. अरे भावा, ते सेकंदाला सहा टँकर आहेत. ११,५७४ क्युसेक दिवसभर चाललं की एक टीएमसी, म्हणजे एक अब्ज घनफूट. आणि हे पायथ्याचं पाणी उन्हाळ्यात शेतीसाठीबी सोडतात, म्हणजे आभाळात ढग नसतानाबी नदी वाढती. एप्रिलमध्ये वाळूच्या बेटावर तंबू ठोकणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

आता सगळ्यात वाईट जागा. बंधारे. वरून बघितलं तर दोन-तीन फुटांची पायरी, पाणी छान पडतंय, पोरांना वाटतं घसरगुंडी. पडलेलं पाणी तळाला जाऊन फिरून परत बंधाऱ्याकडंच येतं. ओंडका त्यात सापडला की तासन्‌तास तिथल्या तिथं गरागरा फिरत राहतो, मी डोळ्यांनी बघितलाय. पट्टीचा पोहणारासुद्धा तिथं ओंडकाच. पूर मोठा आला की बंधारा पाण्याखाली जातो आणि वरून काही दिसतच नाही. कयाकवाल्यांनी बंधाऱ्याच्या बरंच आधी काठाला लागून होडी डोक्यावर घ्यावी.

अवांतर: भिलवडी, औदुंबर, अंकलखोपच्या बाजूला हिवाळ्यात काठावर ऊन खात पडलेलं लाकूड दिसलं तर ते लाकूडच आहे याची खात्री करून घ्या. मगरी लई आहेत.

---

कृष्णाखोरे१ · मंगळवार, दुपारी २:१०

हे सगळं ठीक आहे, पण कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाबद्दल कुणीच का बोलत नाही? उंची वाढवली की फुगवटा थेट सांगलीपर्यंत

---

आयर्विनचा कबुतर (सांगली) · मंगळवार, दुपारी २:१४

आलं का. अलमट्टीचा धागा वेगळा आहे, तिथं आपण दोघंबी चार वर्षं भांडतोय. इथं पोरांना पाण्याबाहेर कसं राहायचं ते सांगू द्या.

---

कृष्णाखोरे१ · मंगळवार, दुपारी २:२०

बरं. तिकडं भेटू.

---

पंखवाली (पाचगणी) · मंगळवार, रात्री ८:५०

आमची गोष्ट उलटी. तुम्ही पावसात फिरता, आम्ही पावसाळ्यात पॅराग्लायडर बॅगेत घालून डांबराच्या गोळ्या टाकतो. आमचा हंगाम ऑक्टोबर ते मे. त्यातही घात करतात ते शेवटचे दोन महिने.

एप्रिल-मेमध्ये सकाळी अकरापर्यंत हवा चांगली. नंतर कातळ तापतो, गरम हवेचे लोट उठतात, आम्हाला हवे असतात तेच. पण तीनच्या पुढे ह्याच लोटांतून वळवाचे ढग वाढतात. फुलकोबीसारखा ढग पांढरा असेपर्यंत सुंदर दिसतो. त्याचा बुडखा काळा पडला आणि उंची रुंदीपेक्षा जास्त झाली की आम्ही खाली. असा ढग खालची हवा शोषून घेतो आणि ग्लायडर त्या हवेतच असतं. २००७ मध्ये ऑस्ट्रेलियात एवा विस्निएर्स्का या जर्मन पायलटला ढगानं जवळजवळ दहा किलोमीटर उंचीवर नेलं, एव्हरेस्टच्याही वर. बेशुद्ध झाली, अंगावर बर्फ जमला, आणि तरी वाचली. तिचं नशीब सगळ्यांना मिळत नाही.

आणि ढग डोक्यावर यायची वाट बघायची नसते. पाऊस पडायला लागला की त्याच्याबरोबर गार हवा धाडकन खाली येते आणि जमिनीवर चारी बाजूंना पसरते. ती ढगाच्या दहा-पंधरा किलोमीटर पुढे धावते. वरून मी बघते वाईकडच्या शेतांत. कुणीतरी उसाचा पाला पेटवलेला असतो, नाहीतर कारखान्याची चिमणी असते. दिवसभर एका दिशेला कललेला धूर क्षणात आडवा होऊन दुसरीकडे वळला, की माझ्याकडे पाचेक मिनिटं आहेत. मागच्या मे महिन्यात मी असाच धूर बघून उतरले. माझ्याबरोबरचा मुलगा म्हणाला, ताई, उगाच घाबरलीस, हवा तर मस्त आहे. ग्लायडरची घडी घालेपर्यंत टेबललँडवरच्या भेळवाल्याची छत्री उडून गेली होती.

---

नवी_भटकी (कोल्हापूर) · बुधवार, सकाळी ११:००

खूप शिकायला मिळतंय, वाचनखूण साठवली. मी सप्टेंबरच्या शेवटी मैत्रिणींबरोबर कासला येणार आहे, फुलांसाठी. तेव्हा ओढे उतरलेले असतील ना? मग काळजीचं काही नाही?

---

पाटणकर · बुधवार, दुपारी १२:३०

ताई, ओढ्याची काळजी कमी, विजेची जास्त. भर पावसाळ्यात, जुलैत, वीज त्या मानानं कमी असते, कारण ढग बुटके. वीज असते पावसाच्या दोन्ही टोकांना: वळवाला आणि परतीच्या पावसाला. हस्तात दुपारनंतर गडगडाट ठरलेला. आणि कासचा सडा म्हणजे सपाट कातळ, त्यावर सगळ्यात उंच वस्तू तुम्ही आणि तुमची छत्री.

सकाळी लवकर या, दुपारी एकपर्यंत गाडीत बसा. चमकल्यापासून गडगडेपर्यंत सेकंद मोजा, तीन सेकंदाला एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आलं की फोटो बंद, सडा सोडा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास परत यायचं नाही. एकट्या झाडाखाली थांबू नका. बंद गाडी उत्तम. मोबाईलवर 'दामिनी' घेऊन ठेवा, पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं आहे, आसपास वीज पडत असेल तर दाखवतं. सड्यावर रेंज मिळेलच असं नाही, म्हणून यवतेश्वर सोडायच्या आधी बघा.

---

घाटधावक (सातारा) · बुधवार, दुपारी ४:१५

यवतेश्वर घाटात पळणाऱ्यांच्या वतीनं एकच भर. सप्टेंबरच्या हिल मॅरेथॉनला बाहेरगावचे लोक गार हवा बघून पाणी पीत नाहीत. हवा गार असली तरी इतकी दमट असते की घाम वाळत नाही, अंग आतून तापत राहतं. उतरताना पेटके आलेले दरवर्षी दिसतात. बाकी चालू द्या.

---

कयाकवाली (वाई) · बुधवार, रात्री ९:३०

एक राहिलं. "रडारवर काही दिसत नव्हतं" असं सांगणारे भेटतात. मुंबई आणि गोव्याचे रडार आपल्यापासून लांब. पृथ्वी गोल असल्यामुळं रडारचा झोत इथं पोचेपर्यंत तीन-चार किलोमीटर उंच गेलेला असतो. घाटातले पावसाळी ढग बुटके, त्यांचा बराचसा पाऊस झोताच्या खाली पडतो. म्हणजे रडारवर फिकट, आणि खाली धो-धो. रडारवर लाल दिसलं तर घाबरा. काही दिसलं नाही म्हणून निर्धास्त होऊ नका.

---

सडाफिरस्ता (सातारा) · रविवार, संध्याकाळी ६:१०

धागा वर काढतोय. आज परत त्या वाडीत जाऊन आलो. ट्रेक नाही. मामांचा म्हसरांबरोबर काढलेला फोटो धुऊन द्यायचा होता. ओढा ओलांडायची गरज नव्हती, त्यांचं घर अलीकडंच.

मामांनी फोटो बघितला, म्हशीचं कौतुक केलं, स्वतःबद्दल काही बोलले नाहीत. मग म्हणाले, चल दाखवतो. आम्ही बसलो होतो त्या जागी गेलो. काड्या रोवल्या होत्या तो काठच नव्हता. खरवडून गेलाय. जिच्यावर मोजे वाळत घातले होते ती करवंदीची जाळी अर्धी वाहून गेली. उरलेल्या फांदीत वाळकं गवत आणि एक प्लॅस्टिकची चप्पल अडकली होती, माझ्या डोक्याच्या वीतभर वर. मी हात उंच करून बघितलं.

हे रविवारचं नाही. बुधवारी रात्री आलं म्हणाले.

---

पाटणकर · रविवार, संध्याकाळी ६:४०

नवजा गुरुवारच्या पेपरात तीन आकडी होता. बुधवारी ॲपवर 'सातारा' किती दाखवत होतं?

---

सडाफिरस्ता (सातारा) · रविवार, संध्याकाळी ६:५२

९.